गाणारे झाड आणि घाबरलेले प्रेक्षक

मुलांसाठी असलेली दूरचित्रवाणी मालिका चांगली की वाईट, हे ठरवताना आपण मोठी माणसे मालिकेकडे पाहतो. ती पाहणाऱ्या मुलाकडे पाहायचे राहून जाते. मूल रात्री दचकून उठले की आपण म्हणतो, मालिकेत भयंकर दृश्ये फार होती. नाही उठले तर म्हणतो, मालिका निरुपद्रवी आहे. या दोन्ही निष्कर्षांत मधली एक पायरी गाळलेली असते. पडद्यावर काय होते हे आपल्याला माहीत असते, पण त्यातले मुलाने काय पाहिले याची आपण चौकशी केलेली नसते.

या लेखात आम्ही एका जुन्या परीकथा-मालिकेचे आणि तिच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचे परीक्षण करणार आहोत. मालिका आपल्याकडची नाही आणि आमच्या बहुतेक वाचकांनी ती पाहिलेलीही नसेल. तरीही ती निवडली, कारण तिच्याबद्दलची प्रतिक्रिया चाळीस वर्षांनंतरही ताजी राहिली होती. शिवाय ती प्रतिक्रिया समजून घ्यायला उपयोगी पडतील असे प्रयोग मानसशास्त्रज्ञांनी इतर कार्यक्रमांवर करून ठेवले आहेत. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की वर्गात लहान मुले असणाऱ्या शिक्षकांच्या कामाचे बरेच काही हाती लागते.

पूर्व जर्मनीतील 'डेफा' या सरकारी चित्रसंस्थेने १९५७ साली एक रंगीत परीकथा-चित्रपट काढला. 'गाणारे, किणकिणणारे इवले झाड' असा त्याच्या नावाचा अर्थ. दिग्दर्शक फ्रान्सेस्को स्टेफानी. ग्रिम बंधूंच्या कथांतले काही धागे घेऊन रचलेली ही गोष्ट बाबेल्सबर्गच्या चित्रनगरीत, बंदिस्त जागेत नेपथ्य उभारून चित्रित केली गेली. लांबी सुमारे सव्वा तास. बीबीसीने हा चित्रपट विकत घेतला, त्याचे तीन तुकडे केले आणि 'टेल्स फ्रॉम युरोप' या मुलांच्या कार्यक्रमात १९ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर १९६४ या काळात, आठवड्याला एक याप्रमाणे दाखवले. बीबीसीचे प्रक्षेपण त्या वेळी कृष्णधवल होते, म्हणून रंगीत चित्रपटही मुलांनी कृष्णधवलच पाहिला. संवाद इंग्रजीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले नव्हते. मागे जर्मन संवाद चालू राहत आणि त्यांवर टोनी बिलबो हा निवेदक इंग्रजीत गोष्ट सांगत जाई. पुढे अनेक वर्षे या मालिकेचे पुनःप्रक्षेपण होत राहिले. त्यामुळे ब्रिटनमधील एका पिढीने नव्हे, जवळजवळ दीड पिढीने ती पाहिली.

आता गोष्ट. एक गर्विष्ठ राजकन्या. तिला मागणी घालायला एक राजपुत्र मोती घेऊन येतो. ती मोती झिडकारते आणि गाणारे झाड आणून द्यायला सांगते. राजपुत्र शोधत शोधत एका बुटक्या जादूगाराच्या राज्यात पोहोचतो. बुटका झाड देतो, पण अट घालतो. राजकन्येचे राजपुत्रावर खरे प्रेम असेल तरच झाड गाईल. सूर्यास्तापर्यंत गायले नाही तर राजपुत्र अस्वल होईल आणि बुटक्याच्या ताब्यात राहील. अर्थात झाड गात नाही. पुढे राजकन्येच्या हट्टापायी तिचा बापच झाड आणायला जातो आणि अस्वलाला वचन देऊन बसतो, की परत गेल्यावर जे पहिले भेटेल ते तुझे. पहिली भेटते ती अर्थात मुलगीच. ही कल्पना जगभरच्या लोककथांत आढळते. अस्वल राजकन्येला बुटक्याच्या राज्यात घेऊन येते. तिथे जादूने तिचे रूप जाते, ती कुरूप होते. मग गोठलेल्या पाण्यात अडकलेल्या एका प्रचंड माशाला ती सोडवते, बर्फात रुतलेल्या घोड्याला बाहेर काढते, आणि अशा एकेका सत्कृत्यासरशी तिचे रूप थोडे थोडे परत येते. शेवटी बुटक्याने उभे केलेले अडथळे पार करून ती झाडापाशी पोहोचते. झाड गाऊ लागते, अस्वलाचा राजपुत्र होतो आणि बुटक्याचा निकाल लागतो.

आम्ही हा चित्रपट मूळ रंगांत, सलग पाहिला. प्रौढ माणसाच्या नजरेने तो पाहताना भीती वाटत नाही. वाटते ते कौतुक आणि थोडी गंमत. खडक प्लास्टरचे आहेत हे कळते. मासा तर उघडउघड यंत्र आहे, त्याचे डोळे आणि तोंड ज्या ठेक्यात हलतात तो ठेका कुठल्याही जिवंत माशाचा नव्हे. पण नेपथ्यकाराने एक शहाणपण केले आहे. बुटक्याचे राज्य त्याने जंगलासारखे वा डोंगरासारखे केले नाही, ते कोणत्याच ठिकाणासारखे नाही. आकाश दिसत नाही, अंतर कळत नाही, प्रकाश कुठून येतो ते कळत नाही. खरेपणाचा आव आणण्यापेक्षा हे अधिक प्रभावी ठरते. क्रिस्टेल बोडेनश्टाइन या नटीने राजकन्येचा तुसडेपणा इतका मनापासून रंगवला आहे, की शेवटी ती चांगली झाल्यावर थोडी बेचवच वाटते. बुटक्याची भूमिका रिखार्ड क्र्यूगर यांनी केली आहे. ते काही फार करत नाहीत. कडेवरून डोकावतात, हसतात, हात उचलतात आणि काहीतरी बदलून जाते. चित्रपट म्हणून बोलायचे तर मध्यभागी तो रेंगाळतो आणि राजा हे पात्र निव्वळ गोष्ट पुढे ढकलण्यापुरते आहे. पण मुलांसाठी काम करताना हात आखडता घ्यायचा नाही, ही वृत्ती चित्रपटभर दिसते.

मग ब्रिटनमधील प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय? २००४ साली 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाने वाचकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वांत भीतिदायक दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या यादीत या मालिकेला विसावे स्थान मिळाले. भुताखेतांच्या आणि रक्तपाताच्या, खास मोठ्यांसाठी केलेल्या कार्यक्रमांच्या रांगेत ही मुलांची परीकथा जाऊन बसली! त्याआधी १९९० च्या दशकात 'द फास्ट शो' या विनोदी कार्यक्रमाने तिचे विडंबन केले होते. विडंबन करायचे तर मूळ वस्तू प्रेक्षकांना पाठ असावी लागते, ती होती. या पिढीच्या आठवणींत सर्वांत ठळक उरला तो बुटका.

इथे थोडे थांबून पुराव्याची प्रत तपासली पाहिजे. असा कौल म्हणजे पाहणी नव्हे. जी मुले घाबरली नाहीत ती मालिका विसरून गेली, आणि विसरलेला माणूस कौल द्यायला येत नाही. शिवाय चाळीस वर्षांत आठवण एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जाते. 'तो भयंकर बुटका' हे वाक्य इतरांकडून ऐकले की आपलीही आठवण त्या साच्यात बसते. तेव्हा त्या यादीवरून 'ब्रिटनमधील मुले घाबरली' असे म्हणता येत नाही. 'जी घाबरली त्यांची भीती फार काळ टिकली' एवढेच म्हणता येते. हे दुसरे विधान मात्र अगदी विश्वसनीय आहे. क्रिस्टन हॅरिसन आणि जोॲन कँटर यांनी १९९९ साली अमेरिकेतील दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना विचारले, की लहानपणी वा किशोरवयात पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या गोष्टीने तुम्हांला घाबरवले होते का. सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी होय म्हटले आणि एकूण विद्यार्थ्यांपैकी चौथा हिस्सा, किंबहुना किंचित जास्तच, असा निघाला की ज्यांच्या मनात त्या भीतीचा अंश अजून शिल्लक होता. हेही आठवणींवरच आधारलेले आहे, पण निदान इथे कोण आपण होऊन आले आणि कोण आले नाही, हा घोळ नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ज्या गोष्टीत कोणी कोणाला मारत नाही, रक्त दिसत नाही, जिचा मासा खेळण्यातला वाटतो, त्या गोष्टीने मुले का घाबरावीत? 'हिंसाचार' हा शब्द घेऊन बसलेल्या समीक्षकाला याचे उत्तर सापडणार नाही. कारण भीतीचे मूळ इथे हिंसाचारात नसून रूपांतरात असावे. राजपुत्राचे अस्वल होते. सुंदर मुलगी कुरूप होते. आपल्या दृष्टीने यात मोठे काही नाही. अस्वलाच्या कातडीत राजपुत्रच आहे आणि शेवटी तो बाहेर येणार, हे आपण जाणतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे जाणता येते का?

याचे उत्तर शोधणारा एक सुंदर प्रयोग रीटा डेव्रीस यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचे एक शांत स्वभावाचे मांजर होते. मुलांना आधी मांजर दाखवत, त्याला हात लावू देत. मग मांजराचा पुढचा भाग आडोशाला घेऊन त्याच्या तोंडावर कुत्र्याचा हुबेहूब मुखवटा चढवत. शेपटीकडचा भाग सगळा वेळ मुलांच्या डोळ्यांसमोरच राही, म्हणजे प्राणी बदललेला नाही याचा पुरावा समोर होता. नंतर विचारत, आता हा कोण? हा भुंकेल का? याच्या पोटात कुत्र्याची हाडे आहेत का? तीन वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या मते मांजराचे कुत्रे झाले होते, आणि काही मुले त्याच्या जवळ जायलाही तयार नव्हती. सहा वर्षांची मुले हसून सांगत, की हे मांजरच आहे, मुखवटा घातलाय.

आमच्या मते या मालिकेच्या प्रतिक्रियांचे परीक्षण या मांजरापासून सुरू व्हायला हवे. तीन-चार वर्षांच्या प्रेक्षकासाठी राजपुत्र अस्वलात लपलेला नाही. राजपुत्र संपला. त्याच्या जागी अस्वल आले. ज्या मुलाच्या जगात तोंड बदलले की माणूस बदलतो, त्याच्यासमोर माणसांची तोंडे हवी तशी बदलू शकणारा कोणी उभा केला, तर तो हातात तलवार घेतलेल्या राक्षसाहून भयंकर ठरतो. राक्षसाने काही केले तर फार तर माणूस मरतो. हा बुटका आईची सुद्धा दुसरीच कोणी बाई करू शकेल!

हे आमचे अनुमान आहे, पण त्याला आधार आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'द इनक्रेडिबल हल्क' नावाची मालिका लागे. तिच्यातील सज्जन शास्त्रज्ञ रागावला की हिरवा, धिप्पाड दैत्य होई आणि संकटात सापडलेल्यांना वाचवी. दैत्य नायकाच्या बाजूचा, तरी बालवाडीच्या वयाची मुले त्याला घाबरतात, असे पालक आपण होऊन सांगत. ग्लेन स्पार्क्स आणि कँटर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या मालिकेचा एक अंश तीन ते पाच आणि नऊ ते अकरा या वयोगटांतील मुलांना दाखवून कोणत्या वेळी भीती वाटली ते तपासले. मोठ्या मुलांना भीती वाटली ती रूपांतरापूर्वी, नायक संकटात असताना. तो दैत्य झाला तशी ती निर्धास्त झाली, कारण आता तो सुटणार हे त्यांना ठाऊक होते. लहान मुलांची भीती नेमकी त्याच क्षणानंतर वाढली. दृश्य एक, क्षण एक, आणि दोन वयांच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया अगदी विरुद्ध. मालिकेत भय किती हा प्रश्न, भय कोणाला हे विचारल्याशिवाय अर्थहीन ठरतो, तो असा.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे 'अरे, ते खोटे असते' असे सांगणे. आपण सगळेच सांगतो. सांगणारा मनापासून सांगतो आणि मूलही मान हलवते, त्यामुळे तो लागू पडला असे वाटते. कँटर आणि बार्बरा विल्सन यांनी १९८४ साली हे तपासले. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या चित्रपटातील चेटकिणीचे दृश्य दाखवण्यापूर्वी काही मुलांना सांगितले, की हे खरे नाही हे लक्षात ठेवून पाहा. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती त्यामुळे कमी झाली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर काहीही परिणाम झाला नाही. यात नवल नाही. खरे-खोटे या शब्दांचा अर्थ मुलाला येत असेलही, पण डोळ्यांसमोर भीती उभी असताना तो शब्द आठवून ती भीती परतवून लावणे हे निराळे कौशल्य आहे, आणि ते सात-आठ वर्षांच्या आसपास हळूहळू येते. लहान मुलांना विचारले तर कशाने बरे वाटते याची उत्तरे ती वेगळीच देतात: कोणीतरी जवळ बसावे, हातात ओळखीचे खेळणे वा पांघरूण असावे, काहीतरी खायला मिळावे. युक्तिवादापेक्षा मांडी बरी.

असे प्रयोग वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ही मुले अमेरिकेतली आहेत आणि प्रत्येक प्रयोगातली त्यांची संख्या मोजकी आहे. दुसरे म्हणजे, संशोधकाला मुलांना खरोखर फार घाबरवण्याची मुभा नसते, नसावीही. म्हणून प्रयोगातली भीती नेहमीच सौम्य असते. घरी दिवे गेलेले, वडील कामावर, अशा वेळच्या भीतीशी तिची तुलना होणार नाही. तरी वयाप्रमाणे प्रतिक्रियेची दिशा बदलते, ही गोष्ट इतक्या निरनिराळ्या प्रयोगांत दिसली आहे की ती नाकारता येणार नाही.

बीबीसीच्या तुकडे करण्याबद्दलही बोलायला हवे, कारण आमची मुख्य तक्रार चित्रपटाबद्दल नसून या तुकड्यांबद्दल आहे. ही गोष्ट सव्वा तासाच्या सलग ओघात बसवलेली आहे. तिच्यात बिघडते आधी आणि दुरुस्त होते ते अगदी शेवटी. तिचे तीन भाग कुठेही पाडा, पहिले दोन भाग संपताना राजपुत्राचे वा राजकन्येचे काहीतरी बिघडलेलेच राहणार. चित्रपटगृहातल्या जर्मन मुलाला सुटका त्याच बैठकीत मिळाली. ब्रिटनमधील मुलाला तिच्यासाठी दोन वेळा आठवडाभर थांबावे लागले. आणि तिसऱ्या गुरुवारी त्याला ताप आला असेल वा पाहुणे आले असतील, तर अस्वलाचे काय झाले हे त्याला कधीच कळले नसेल. १९६४ साली चित्रफीत लावून पुन्हा पाहण्याची सोय घरात नव्हती. अपुरे राहिलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अधिक लक्षात राहते, असे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले होते. नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी सिद्ध झाले नाही, म्हणून त्यावर आम्ही फार भार टाकत नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या हिशेबात एक आठवडा किती मोठा असतो, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

आपल्या दूरदर्शनने १९८५ साली दाखवलेली रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' ही मालिका या बाबतीत तुलनेला घेण्यासारखी आहे. तिच्यात प्रेत होते, स्मशान होते, झाडाला उलटा लटकणारा बेताल होता. म्हणजे सामग्री पाहिली तर जर्मन मालिकेच्या कितीतरी पुढे. पण मूळ वेतालकथांची रचनाच अशी, की दर वेळी एक गोष्ट पुरी होते, प्रश्न विचारला जातो, राजा उत्तर देतो आणि वेताळ परत झाडावर जातो. हा शेवट मुलांना आधीच माहीत असतो, किंबहुना ती त्याची वाट पाहतात. भीती ठरलेल्या जागी येते आणि ठरलेल्या जागी जाते. शिवाय कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे, त्याची देवळे आहेत. तिथल्या मुलाला पडद्यावरचा बेताल कदाचित आमच्यापेक्षा जास्त ओळखीचा वाटला असेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटला, तिच्याकडे वळतो. मूल चार रात्री घाबरले तर ते बहुधा सावरते. पण चेहरा पाहून माणूस ओळखण्याचा नियम मालिकेने त्याच्या मनात पक्का केला असेल, तर त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण त्यामुळे कोणी रात्री उठत नाही.

सिंथिया हॉफनर आणि कँटर यांनी १९८५ साली एका म्हाताऱ्या बाईच्या चित्रफितीच्या चार आवृत्त्या केल्या. दोन आवृत्त्यांत ती दिसायला आजीसारखी प्रेमळ, दोन आवृत्त्यांत चेटकिणीसारखी कुरूप. प्रत्येक रूपाच्या एका आवृत्तीत ती मांजराशी मायेने वागते, दुसरीत क्रूरपणे. नंतर मुलांना विचारले, ही बाई कशी आहे आणि पुढे काय करील? मोठी मुले मुख्यतः तिच्या वागण्यावरून उत्तर देत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर वागण्यापेक्षा रूपाचा प्रभाव जास्त होता. मांजराला कुरवाळणारी कुरूप म्हातारी त्यांना दुष्ट वाटण्याचा संभव अधिक, वागणे डोळ्यांसमोर घडत असूनही.

या प्रयोगाच्या प्रकाशात आमची परीकथा पाहा. तिच्यात तीन पात्रे रूपाशी निगडित आहेत. अस्वल दिसायला भयंकर आणि मनाने चांगले आहे. इथे गोष्ट मुलाच्या नियमाला छेद देते, आणि हे तिचे सर्वांत चांगले अंग. राजकन्येचे मात्र उलट आहे. मन वाईट म्हणून रूप गेले, मन सुधारले तसे रूप परत आले. सांगणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ उदात्त आहे, की खरे सौंदर्य मनाचे. पण रूपाकडेच पाहणाऱ्या मुलाला यातून मिळतो तो धडा असा, की कुरूप माणसाने काहीतरी वाईट केलेले असते. आणि बुटका तर पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत ठेंगणा आणि दुष्ट. त्याच्या दुष्टपणाला गोष्टीत दुसरे कारणच दिलेले नाही. तो असा दिसतो, म्हणून तो तसा आहे. म्हणजे एक पात्र नियमाच्या विरुद्ध आणि दोन बाजूने. मतदान कुठे जाणार ते उघड आहे.

ही जर्मन गोष्टीचीच खोड नाही. आपल्या गोष्टींतली खलपात्रे आठवा: कुबडी दासी, एकाक्ष मांत्रिक, तिरळा प्रधान. आणि आपल्या वर्गातली मुले आठवा. उंची न वाढण्याचे एक प्रमुख कारण असलेला ॲकाँड्रोप्लेजिया हा विकार एका जनुकातील बदलामुळे होतो, हे १९९४ साली समजले. या मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होत नसतो, आणि अशा दर पाच मुलांपैकी साधारण चौघांचे आईवडील सर्वसामान्य उंचीचे असतात. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. कोणाच्या पापाचा, शापाचा वा स्वभावाचा त्याच्याशी संबंध नाही. हे सहावी-सातवीच्या वर्गात समजावून देता येते. पण पहिलीच्या वर्गात असे मूल येते तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याबद्दलचा निर्णय आधीच घेतलेला असतो, आणि तो घेण्यासाठी त्यांना पुरावा पुरवणाऱ्यांत आपल्या गोष्टीही असतात.

मग या गोष्टी बंद कराव्यात का? आम्हांला तसे वाटत नाही. बुटका काढून टाकून, मासा लहान करून, अस्वलाला गोंडस चेहरा देऊन केलेली परीकथा आम्ही इतर मालिकांत पुष्कळ पाहिली आहे. ती पाहून कोणी घाबरत नाही आणि ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. ब्रिटनमधील ज्या प्रौढांनी कौल दिला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या भीतीत कौतुकही मिसळलेले असणार, नाही तर चाळीस वर्षांनी त्या मालिकेची आठवण काढायची त्यांना काय गरज होती? आमची मागणी एवढीच आहे, की मालिकेच्या परीक्षणात प्रेक्षकाचे वय आधी लिहावे आणि मत नंतर द्यावे. सहा वर्षांखालील मुलांसाठी रूपांतराचे दृश्य आणि सुटकेचे दृश्य एकाच भागात असावे. ही निर्मात्यांना अवघड अट नाही. कात्री कुठे लावायची एवढाच प्रश्न आहे.

शिक्षकांना करून पाहता येण्याजोगी एक गोष्ट आहे. मुले आदल्या दिवशी पाहिलेल्या मालिकेबद्दल वर्गात बोलतातच. तेव्हा 'वाईट कोण होता?' असे विचारावे आणि उत्तर आले की लगेच पुढचा प्रश्न, 'ते तुला कधी कळले?' 'त्याने अमुक केले तेव्हा' असे उत्तर आले तर मूल वागण्याकडे पाहू लागले आहे. 'आला तेव्हाच' असे आले, तर ते अजून मेनार्डच्या मुखवट्याकडे पाहत आहे. उत्तरांची वयाप्रमाणे नोंद ठेवली तर साध्या वहीतही महिन्या-दोन महिन्यांत काही आकृती दिसू लागेल. दुसरा प्रकार म्हणजे तीच गोष्ट रूपाचा एकही शब्द न वापरता सांगणे आणि मग मुलांना पात्रांची चित्रे काढायला देणे. बुटका या शब्दाऐवजी नुसते 'डोंगराचा मालक' म्हणावे. मुले त्याला किती उंच काढतात, हे पाहण्यासारखे असते. चित्रे जमली की कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हे मात्र सांगू नये. सगळी चित्रे भिंतीवर शेजारी शेजारी लावावीत आणि मुलांना एकमेकांची पाहू द्यावीत.